विहिरीतला खडस

सत्तावीस सालच्या पटकीच्या साथीत जनी गेली. पंधरवड्याने गावात दवंडी पिटली की विहिरींत लाल औषध टाकणार. शेजारच्या आत्मारामच्या विहिरीत जनीचा खडस मासा होता. काजळी नदीतून तिने ओंजळीत आणला तेव्हा तो बोटभर होता, आता हातभर झाला होता.

जनीच्या आईने, दमयंतीने, तो पोहऱ्यात धरला आणि हंड्यात घालून नदीवर नेला. आत्माराम मागोमाग आला.

"धारेत टिकायचा नाही गो तो," तो म्हणाला. "नदीतले खडस कसे सडपातळ, शेपटीत जोर. हा विहिरीत गोल गोल फिरून वाढला. पोट सुटलंय त्याचं."

"आणि औषधात टिकेल?"

तिने हंडा कलता केला. मासा धारेला तोंड देऊन शेपटी मारत राहिला, मग आडवा होऊन खडकावर आपटला. दमयंती कमरेइतक्या पाण्यात शिरली आणि धार स्वतःच्या अंगावर घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली. तिच्या आडोशाला तो थोडा वेळ तरला आणि उताणा झाला.

"चल आता," आत्माराम म्हणाला.

ती हलेना. शेवटी तोही पाण्यात उतरला आणि तिच्या शेजारी उभा राहिला.