आतली कडी

मनोरुग्णालयातल्या सुताराने बावीस वर्षांच्या नोकरीत प्रत्येक दाराला कडी बाहेरूनच लावली होती. त्यामुळे नव्या डॉक्टरबाईंनी बायकांच्या न्हाणीघराला दार बसवून आतून कडी लावायला सांगितली, तेव्हा त्याने पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

“आतून म्हणजे पेशंटच्या बाजूने?”

“हो. अंघोळ त्याच करतात ना?”

वॉर्डच्या मावशींनी कपाळावर हात मारला. आजवर त्या समोर उभ्या राहून दहाजणींना एकदम अंघोळ घालत आल्या होत्या.

कडी बसली. सोळा वर्षं इथे पेशंट असलेली मास्तरीणबाई बादली घेऊन आत गेली आणि तिने कडी लावली. पाऊण तास झाला तरी पाणी ओतल्याचा आवाज येईना. मावशींनी दारावर थाप मारली.

“बाई, बऱ्या आहात ना? काय करताय?”

“काही नाही,” आतून उत्तर आलं. “नुसती बसलेय. कोणी बघत नाहीये.”

मावशींनी स्टूल ओढलं, दाराकडे पाठ करून बसल्या आणि टॉवेल घेऊन थांबलेल्या बाकीच्या बायकांना म्हणाल्या, “वेळ लागेल.”

सुतार शेजारच्या बिनदाराच्या चौकटीचं माप घेऊ लागला.