दाजींसाठी पेटवलेलं पाचट

आकारामला हवेत टिकायचं होतं, बास. पोरपणी पतंग, मग मोटार लावलेली खेळण्यातली विमानं, आणि पन्नाशी उलटल्यावर शिरोली एमआयडीसीपलीकडच्या माळावरचा ग्लायडर क्लब. सगळी उमर वर बघण्यात गेली. आठवडाभर फाउंड्रीत लोखंड ओतायचं आणि रविवारी बिनइंजिनाच्या विमानात बसायचं. माळाच्या टोकाला जुन्या ट्रकच्या इंजिनावर चालणारं विंच होतं. ते तार गुंडाळायला लागलं की ग्लायडर पतंगासारखं वर चढायचं. वर गेलं की तार सोडायची. तापल्या रानावरून चढणारी गरम हवा गावली तर घारीगत फिरत राहायचं, नाहीतर सरळ खाली.

आकारामला ती हवा कधी गावलीच नाही.

"काका, चहा उकळायच्या आत माघारी येताय की," विंच चालवणारा तौसीफ म्हणायचा. शिकवणाऱ्या संयोगिता मॅडम मात्र हसायच्या नाहीत, आणि तेच जास्त लागायचं.

एकदा भट्टीवर गरगरत वर जाणारी राख बघता बघता आकारामच्या डोक्यात किडा वळवळला. कसबा बावड्याच्या मेहुण्याचा, यशराजचा, ऊस नुकताच कारखान्याला गेलेला, रानात वाळल्या पाल्याचं पाचट पडलेलं. त्यानं फोन लावला.

"यशराज, रविवारी दुपारी पाचट पेटव. एकच वावर. जरा ऊब पायजे मला वर जायला."

"दाजी, तुम्ही काय काळजीच करू नका की!"

इथंच घोळ झाला. त्या घरात दाजींनी एक भाकरी मागितली तर पानात चार पडतात, आणि नको म्हणून ताटावर हात आडवा धरला तर हातावर वाढतात. यशराजनं सगळ्या भावकीला सांगितलं, आमचं दाजी विमान घेऊन येणार हायत, काय कमी पडता कामा न्हाय.

रविवारी तार सुटली तेव्हा लांब बावड्याच्या अंगाला धुराचा एकच दोर लोंबत होता. त्याच्याभोवती घारी फिरत होत्या. आकारामनं ग्लायडर त्यांच्यात घातलं. बुडाखालून कुणीतरी उचलल्यागत झालं, चढ दाखवणारा काटा वर सरकला, आणि साठीचा गडी एकटाच मोठ्यानं हसला.

मग खाली दुसरं वावर पेटलं. तिसरं पेटलं. पुढची त्याला मोजता आली नाहीत, कारण सगळे धूर एक झाले आणि जमीनच दिसेना.

काटा टोकाला जाऊन तिथंच थरथरत राहिला. पंखांवरचे, खाली उतरायचे एअरब्रेक त्यानं पूर्ण उघडले, तरी ग्लायडर वरच. कानांत दडे बसले. एक अर्धा जळका ऊस काचेशेजारून आला आणि त्याला मागं टाकून वर निघून गेला. धुरात फट पडली तेव्हा पन्हाळा परातीएवढा दिसला, आणि आकारामनं डोळे मिटून घेतले.

उघडले, तर डाव्या पंखावर पेटतं पान चिकटलेलं.

ग्लायडर लाकडाचं, वर कापड. पंख हातभर अंतरावर असता तर थुंकून विझवलं असतं. पण थुंकी तरी कुठली? तोंडात नुसती राख. कापडावरचा काळा डाग तळहाताएवढा झाला. आत लाकडाची फासळी दिसायला लागली. फासळी गेली की पंख जाणार आणि पंख गेला की आपण, एवढं त्याला शाळकरी पोराच्या गणितागत स्वच्छ कळत होतं. हात मात्र विमान वळवायच्या दांड्यावर गोठलेले.

एवढ्यात आजूबाजूच्या घारी एकाच अंगाला फुटल्या. आकारामनं दुसरं काही न बघता नाक त्यांच्यामागं दाबलं. पंख कण्हले. वारा किंचाळायला लागला, आणि त्या वाऱ्यानंच पान उपसून नेलं. धुराबाहेर पडल्या पडल्या हवेनं पाय काढून घेतला. दगड विहिरीत पडावा तसा तो खाली आला. माळ दिसला, ग्लायडर दोनदा आपटलं, आणि थांबलं.

खिशातला फोन वाजत होता. त्यानं तो कानाला लावला.

"दाजी, पोटभर झालं न्हवं? लाजू नका. वरल्या अंगाचं वावर राखून ठेवलंय, आता पेटवतोच!"

"नको..." आकाराम म्हणाला.

तेवढ्यात पलीकडं विंच गुरगुरलं. दुसरं ग्लायडर तारेला लागलेलं, पुढं नवी शिकाऊ पोरगी स्वप्नाली, मागं संयोगिता मॅडम. मॅडम घारींकडं बोट दाखवून तिला काहीतरी समजावत होत्या. तार ताणायला लागली.

आकारामनं पट्टे कसे सोडले, त्यालाच ठाऊक. तो पळाला, पडला, पुन्हा पळाला, आणि त्या ग्लायडरच्या पंखाच्या टोकावर सगळं अंग टाकून पसरला. ग्लायडर गर्रकन वळलं. मॅडमनी खाडकन तार सोडली.

"काका! डोकं फिरलं का तुमचं?"

फोन अजून मुठीतच होता.

"यशराज, विझव. पाया पडतो तुझ्या."

"असं कसं, दाजी? अर्ध्या ताटावरनं कोण उठतंय व्हय?"

बावड्याच्या अंगाला नवा धूर उठला, आधीच्याहून जाड. आकारामनं पंख आणखी घट्ट धरला. मॅडम खाली उतरा म्हणत होत्या, स्वप्नाली रडकुंडीला आली होती, तरी तो सोडेना.