साडेपाच मिलिमीटर

माझे सासरे दर रविवारी गाडीच्या टायरांच्या खाचा मोजतात. इतर लोक रविवारी काय मोजतात मला माहीत नाही. बहुधा काहीच मोजत नाहीत, आणि म्हणूनच जगाची ही अवस्था झाली आहे, असं सासऱ्यांचं मत आहे. ते वजनमापं खात्यात निरीक्षक होते. पस्तीस वर्षं त्यांनी दुकानदारांची वजनं उलटी करून पाहिली आणि तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं मेण नखाने खरवडून काढलं. निवृत्तीला खात्याने त्यांना घड्याळ भेट दिलं. ते दिवसाला चाळीस सेकंद मागे पडतं, हे त्यांनी खात्याला लेखी कळवलं.

टायरची नक्षी किती उरली हे मोजायला त्यांच्याकडे छोटं गेज आहे. एका टायरवर चार ठिकाणी, असे चार टायर, सोळा आकडे, सगळे वहीत. मग टायरांना काळं पॉलिश. माझे बूट लग्नातही तेवढे चमकले नव्हते.

ही गाडी त्यांनी गेल्या आठवड्यात माझ्या बायकोला देऊन टाकली. तिला तीनशे किलोमीटरवरच्या शहरात इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. सोमवारी सकाळी दहाला हजर व्हायचं. रविवारी दुपारी तिने आमच्या सात वर्षांच्या चिंगीला घेऊन गाडीने निघायचं आणि मी कॉलेजच्या परीक्षा आटोपून महिन्याभराने जायचं, असं ठरलं. मी गाडी चालवत नाही. लायसन्ससाठी दोनदा परीक्षा दिली, दोन्ही वेळा परीक्षक अर्ध्या वाटेत उतरला. त्यामुळे गाडीच्या बाबतीत माझ्या मताला घरात शेजारच्या मांजराइतकी किंमत आहे. मी तर्कशास्त्र शिकवतो.

रविवारी सकाळी हवा भरायला सासरे, बायको आणि मी कोपऱ्यावरच्या टायरच्या दुकानात गेलो. दुकान चालवणारी बाई पन्नाशीची होती. हवा भरता भरता तिने टायरच्या कडेवर अंगठा फिरवला आणि थांबली.

"काका, हे पॉलिश तुम्ही लावता?"

"दर रविवारी," सासरे अभिमानाने म्हणाले.

"तरीच," बाई म्हणाली. हा शब्द डॉक्टरच्या तोंडून आला की आपल्याला घाम फुटतो.

तिने ओल्या फडक्याने कड पुसली. काळ्याखाली करडं रबर निघालं, आणि रबरावर जुन्या कपबशीला जातात तशा बारीक भेगा. एका भेगेत तिने नाण्याची कड टेकवली. ती आत गेली आणि तिथेच अडकून राहिली. नाणं ओढून काढावं लागलं.

"रबर वाळलंय. गावात हळू फिरवा, तेही जपून. पण सामान भरून उन्हात वेगाने जाणार असाल तर नको. फुटायच्या आधी सांगत नाही हा."

सासऱ्यांनी खिशातून गेज काढून खाचेत घातलं. "साडेपाच मिलिमीटर. बदलायची वेळ दीडाच्या आसपास येते. अजून चार शिल्लक आहेत, बाई."

"खोली मापलीत हो. वय विचारलंत का?"

"सहा वर्षं. पावती आहे."

"पावती तुमची झाली. जन्मसाल इथे लिहिलंय." तिने कडेवरच्या चार आकड्यांवर बोट ठेवलं. "पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. एकाच बाजूला असतात. टायर उलट्या बाजूने बसवला की आत जातात, मग वाचायला झोपावं लागतं. तुमचे बाहेर आहेत, नशीब."

आकडे दहा वर्षांपूर्वीचे होते. म्हणजे ते टायर चार वर्षं कुणाच्या तरी दुकानात पडून होते आणि नंतर नवे म्हणून विकले गेले होते, तेही कुणाला, तर निवृत्त वजनमापं निरीक्षकाला.

सासऱ्यांचा चेहरा मी पाहिला आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. त्यांनी मग जन्मभर केलं तेच केलं. "तुमचं हवेचं गेज बघू." डिकीतून स्वतःचं हवेचं गेज काढून त्यांनी ताडून पाहिलं. "दोन पॉइंट कमी दाखवतंय."

"माहितेय. म्हणून मी दोन आधीच थांबते. तुमची हवा बरोबर आहे, बघा."

त्यांनी चारही चाकं तपासली. हवा तंतोतंत बरोबर होती. "ज्याचं माप खोटं, त्याचा शब्द खोटा," ते म्हणाले. "हिला नवे विकायचेत."

"अहो काका, तुमच्या मापाचे माझ्याकडे नाहीतच. उद्या दुपारी येतील. मी विकू काय, कपाळ?"

युक्तिवाद बिनतोड होता. वर्गात मी तो फळ्यावर लिहिला असता. गाडीत मी मागच्या सीटवर जाऊन बसलो.

घरी बायको डबे भरत होती.

"ऐकलंस ना ती काय म्हणाली?" मी विचारलं.

"ऐकलं. बाबांनीही ऐकलं."

"मग?"

"मग काय? मी बोलले तर त्यांनी प्रेमाने दिलेली गाडी त्यांच्या तोंडावर फेकल्यासारखं होईल. तू बोललास तर..." तिने डब्याचं झाकण दाबलं. "तर नेहमीसारखं होईल. पण बोल. मला आज भीती वाटतेय."

मी अंगणात गेलो. सासरे बाईने पुसलेल्या जागी पुन्हा पॉलिश लावत होते. चिंगी मागच्या सीटवर पट्टा लावून बसली होती. निघायला अजून तास होता, पण आपल्याला विसरून जातील असा तिला संशय होता.

"बाबा, एक शंका होती."

"विचारा जावईबापू. गाडीबद्दल सोडून."

"वजनाबद्दल. किलोचं वजन आहे, कुठे झिजलेलं नाही, तोललं तर बरोबर किलोभर. तरी दुकानदाराला तुम्ही ते दोन वर्षांनी पुन्हा तपासायला आणायला का लावायचात?"

"मुदत असते. शिक्का जुना झाला की वजन बाद."

"बरोबर भरलं तरी?"

"तरी. आज भरलं म्हणजे उद्या भरेल असं थोडंच..."

फडकं थांबलं.

"पोरांना हेच शिकवता?"

"हो. पोरं झोपतात."

ते हसले नाहीत. "बादली आणा," म्हणाले. "साबण पण."

वाकून वाकून त्यांनी चारही टायर धुतले. मी मदतीला हात लावला तर माझा हात बाजूला केला. पॉलिश उतरत गेलं तशा सगळीकडे भेगा दिसू लागल्या. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या कडेला लिंबाएवढा फुगवटा आला होता. चिंगी बरोबर त्याच्या वर बसली होती आणि खिडकीतून आम्हाला वेडावून दाखवत होती.

"दोन वर्षं हिला याच टायरांवर शाळेत सोडलंय मी," सासरे म्हणाले. हे ते मला सांगत नव्हते.

मग आतून खडू आणून त्यांनी चारही टायरांवर फुली मारली. बाद वजनांवर मारायचे तशीच.

"चिंगे, उतर."

"का आजोबा?"

"गाडी जप्त झाली."

साडेपाचच्या बसची दोन तिकिटं मिळाली. बायकोने चार बॅगांच्या दोन केल्या. वडिलांना ती एवढंच म्हणाली, "टायर आले की गाडी घेऊन या. हा नाही, तुम्ही." मला आयुष्यात प्रथमच स्वतःचा अपमान ऐकून हायसं वाटलं.

स्टँडवर दोघींना सीटवर बसवून मी खाली उतरलो, तर सासरे गायब. बसच्या मागच्या चाकापाशी ते उकिडवे बसलेले सापडले. एका हातात गेज, दुसऱ्यात बॅटरी.

"ओ आजोबा," ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "चाकाखाली काय हरवलंय?"

"साल. तुमचे टायर कुठल्या सालचे?"

"मला काय विचारता? मी कालच या गाडीवर आलोय!"

सासऱ्यांनी रुमालाने कड पुसली. कंपनीचं नाव निघालं, माप निघालं, ते आकडे काही निघाले नाहीत. आतल्या बाजूला असणार. मागे दोन-दोन चाकं जोडलेली, मधल्या फटीत बॅटरीचा उजेडही धड शिरत नव्हता. त्यांनी एक हात जमिनीवर टेकला, मग गुडघा. ते झोपणार हे माझ्या लक्षात आलं, तेवढ्यात इंजिन सुरू झालं.

"उठवा हो त्यांना!" कंडक्टर मला म्हणाला. "सगळ्यांना उशीर होतोय."

मी काखेत हात घालून त्यांना उठवलं. किती हलके झाले होते. बस मागे सरली, वळली. चिंगी खिडकीतून दोन्ही हात हलवत होती. तिचे आजोबा चाकाकडे बघत होते.

बस फाटकाबाहेर गेली. त्यांच्या शर्टाला मातीचा पट्टा लागला होता.

"खोली सहा होती," ते म्हणाले.

"चांगली आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं ते दुकानदारांकडे बघत असत. मग गेज खिशात टाकलं आणि त्या मागे पडणाऱ्या घड्याळात वेळ पाहिली. पोचल्याचा फोन यायला सहा तास होते.