पालथा कप

संध्याकाळचे साडेसहा वाजले की तिचे कान आपोआप जिन्याकडे लागायचे. खाली आधी खण ओढल्याचा आवाज, मग चमच्यांचा, मग खुर्च्या सरकल्याचा. तीन खुर्च्या. चौथी काही सरकायची नाही. ती पलंगाच्या कडेला बसून वहीतली एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायची, आता हाक येईल, आता येईल म्हणत राहायची. हाक यायची नाही. मग टेबलाच्या खणातली पावाची पिशवी, कुरकुर होऊ न देता, हळूच उघडायची. आपल्याच खोलीत चोरासारखं खायचं. असे तीन आठवडे झाले होते.

कृत्रिम पाय बनवण्याचं शिक्षण घ्यायला ती घरापासून इतक्या दूर, परक्या देशात आली होती. राहायची सोय कॉलेजनंच या कुटुंबात लावून दिली होती. काकू इस्पितळात नर्स, काका शहरातली बस चालवायचे, आणि काकूंच्या सासऱ्यांना ती आजोबा म्हणायची. आजोबांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली होती. आता ते स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांची घड्याळं हौसेनं उघडायचे. ‘खोली, संध्याकाळचं जेवण आणि घरच्यासारखी वागणूक’ असं कॉलेजच्या कागदावर छापलेलं होतं. पहिला आठवडा नव्या मुलांचं रात्रीचं जेवण कॉलेजातच होतं, त्यामुळे काही जाणवलं नाही. दुसऱ्या आठवड्यापासून मात्र ती हाकेची वाट बघू लागली.

माणसं वाईट म्हणावीत, तर तसंही नव्हतं. थंडी वाढली तशी काकूंनी न सांगता पलंगावर दुसरं पांघरूण आणून ठेवलं होतं. काका सकाळी दिसले की विचारायचे, "काय पाहुणी, काल किती पाय केलेस?" ती म्हणायची, "अर्धा." ते हसत निघून जायचे. मग जेवणाच्या वेळी यांना होतं तरी काय?

तिचा एक नेम होता, अगदी शाळेपासूनचा. ज्याच्या छपराखाली राहायचं, त्याचं एक भलं आठवल्याशिवाय दिवसाचा पहिला घास तोंडात घालायचा नाही. आधी हे डोळे मिटताच जमायचं. आता ती डोळे मिटून बसायची आणि मन खालच्या त्या तीन खुर्च्यांभोवती घिरट्या घालायचं. पांघरूण आठवावं, तर ते आठ दिवस वापरून झालेलं. देवापुढे तेच तेच किती वेळा ठेवायचं? एका सकाळी काही केल्या आठवेना, म्हणून ती उपाशीच कॉलेजला गेली.

आईचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. "जेवलीस का ग?"

"हो, जेवले."

"त्यांच्यात मिसळतेस ना? पण एक लक्षात ठेव, बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या पानावर जाऊन बसायचं नाही."

"नाही ग, आई."

पोटात कावळे ओरडत असताना ‘जेवले’ म्हणायचं, हे पाप कुणाच्या खात्यावर जमा होत असेल, असा विचार करत ती कूस बदलत राहायची.

शेवटी तिनं वसतिगृहाचा अर्ज आणला. शुक्रवारपर्यंत द्यायचा होता आणि त्यावर घरमालकिणीची सही हवी होती. कारण लिहायच्या रकान्यात तिनं चारदा खोडून लिहिलं, ‘माझ्यामुळे घरच्यांची अडचण होते.’ बुधवारी सकाळी काकू दारात बसून बूट घालत होत्या, तेव्हा तिनं कागद पुढे केला.

काकूंनी वाचला. एक बूट हातातच राहिला.

"आमचं काही चुकलं का?"

"नाही, नाही. तसं काही नाही."

"मग अडचण कसली? तुझी चाहूलसुद्धा लागत नाही." त्यांनी सही केली, पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. "तुला आमच्यात बसायचंच नव्हतं, हे पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर बरं झालं असतं. असू दे. मी आजच कॉलेजला कळवते. शनिवारी खोली मोकळी कर."

दार लागलं. ‘बसायचंच नव्हतं’? कुणाला? ते वाक्य दिवसभर तिच्या पायात घोटाळत राहिलं. कार्यशाळेत प्लास्टर कालवताना पाणी जास्त पडलं, साचा वाकडा निघाला. मास्तरांनी तो हातात धरून फिरवला.

"हा पाय लावून माणूस निघाला घरातून, तर संध्याकाळी गोल फिरून तिथेच येईल. घरी जा. आज तुझं चित्त थाऱ्यावर नाही."

ती चार वाजताच घरी आली. आजोबा एकटेच बटाटे सोलत बसले होते. सकाळी घाईत तिचा दुधाचा कप न धुताच राहिला होता. तिनं तो धुतला, पुसला आणि फळीवर इतर तीन कपांच्या शेजारी पालथा ठेवला. धुतलेलं भांडं पालथंच घालायचं, हे तिच्या हातात मुरलेलं होतं. आई म्हणायची, उताणं भांडं वाट बघत बसतं, त्याला ताटकळत ठेवू नये.

"आजही नाही?" आजोबांनी मान न उचलता विचारलं.

"काय नाही?"

"जेवण."

तिला कळेना. आजोबांनी सुरीचं टोक फळीकडे केलं. तीन कप सरळ उभे होते, चौथा पालथा.

"सरळ कप म्हणजे आज घरी जेवणार. पालथा म्हणजे मला धरू नका. सून दारातून आत येते ती कप मोजते, मग बटाटे शिजायला घालते."

"हे मला कुणी सांगितलंच नाही!"

"नाही कसं? मी सांगितलं. इथेच उभं राहून. किल्ली कुठे, कचरा कुठल्या वारी, गरम पाण्याचा नळ कुठला आणि कप कसा. तू तर चांगली नंदीबैलासारखी मान हलवत होतीस."

ती दोन दिवसांच्या प्रवासातून आली होती. त्या संध्याकाळी कुणी तिला छपरावरून उडी मारायला सांगितलं असतं, तरी तिनं मान हलवली असती.

"मला वाटलं, तुम्ही हाक माराल."

"कप पालथा घातलेल्याला? ते या घरात चालत नाही. आमच्या हिनं लावलेली शिस्त आहे. तिघांच्या तीन पाळ्या, ‘जेवणार का, जेवणार का’ विचारून तिचा घसा सुकायचा. नाही म्हणणाऱ्याला पुन्हा छेडायचं नाही, असं ती गेली तरी चालू आहे." आजोबांनी पोटावर हात फिरवला. "तरी सूनबाई चार दिवस तुझं जास्तीचं करत होती. बदलेल मुलीचं मन, म्हणायची. उरलेलं कुणी संपवलं, ते हे बघ."

हसावं की रडावं, तिला कळेना. तिनं हात लांबवून कप सरळ केला. मग आठवलं, काकू कॉलेजला कळवणार होत्या. एव्हाना कळवलंही असेल. ती खिडकीपाशी गेली, दाराशी गेली, पुन्हा फळीपाशी आली.

"बस की जरा," आजोबा म्हणाले. "तुझ्या चालण्यानं माझी घड्याळं पुढे जातील."

सहाला काकू आल्या. एक बूट काढला आणि सवयीनं फळीकडे बघितलं.

"चार? बाबा, हा उद्योग तुमचा?"

"मी कशाला करू?"

"मी केला, काकू." आणि मग आई, धुतलेली भांडी, पहिला दिवस, न आलेली हाक, सगळं तिच्या तोंडून एकात एक गुंतून बाहेर पडलं.

काकू एका पायात बूट तसाच ठेवून खुर्चीत बसल्या. "म्हणजे तू वर बसून... खात काय होतीस?"

"पाव."

"तीन आठवडे? अग, मला वाटलं आमच्या हातचं तुझ्या घशाखाली उतरत नाही. इस्पितळातल्या बायांना मी विचारत होते, काय करून घालू म्हणून." त्यांनी कपाळावर हात मारला. "आणि मी दुपारीच कॉलेजला फोन करून बसले!"

आजोबांनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं.

"मग मी... शनिवारी?" तिनं विचारलं.

"कसला शनिवार! उद्या पुन्हा करते फोन. सांगते, नर्सबाईंना एक कप वाचता आला नाही." त्या उठल्या. "बाबा, अजून दोन बटाटे. मोठे."

त्या संध्याकाळी चौथी खुर्ची सरकली. काका आले, ताटं बघून म्हणाले, "अरे वा, पाहुणी पायावर उभी राहिली!" दिवसाचा पहिला घास नव्हता, तरी तिनं डोळे मिटले. आज आठवायला इतकं होतं की कुठून सुरू करावं कळेना, आणि काकूंनी तेवढ्यात दटावलं, "निवेल ग ते."

जेवणानंतर तिनं आपला कप धुतला आणि सरळ ठेवला. जिन्याच्या तीन पायऱ्या चढली आणि थांबली. हात शिवशिवत होता. खाली ते भांडं उघडं, तोंड वर करून, वाट बघत राहणार. ती एक पायरी उतरली.

"हात लावू नकोस त्याला," खालून आजोबांचा आवाज आला.

ती वर गेली. उद्याच्या संध्याकाळपर्यंत तिला काही चैन पडणार नव्हतं.