चिंधीचं जाकीट

शिंपीणबाईंच्या कापायच्या टेबलाखाली कुत्री व्यायली, त्याला महिना होत आला होता. पाच पिल्लं. चार हातभर, पाचवी वीतभर, म्हणून तिचं नाव पडलं चिंधी. तिला सारखी हुडहुडी भरे, तेव्हा बाईंनी उरल्यासुरल्या कापडाचं जाकीट शिवून तिच्या अंगात चढवलं होतं.

आठ दिवसांत जाकिटाचं पोटावरचं बटण लागेना.

"बाळसं धरलंय गं पोरीनं," थोरली नणंद कौतुकानं म्हणाली. "उसव जरा शिलाई, वहिनी."

बाई खाली बसल्या. खांद्यावर बोट फिरवलं, तर कापडाला झोळ. छातीशी दोन बोटं सहज आत गेली. तंग होतं ते नुसतं पोट, टिचकी मारली तर वाजेल असं. जन्मभर अंगं मापलेल्या त्या हातांना कुणाला विचारायची गरज नव्हती.

"हे बाळसं नव्हे, ताई. जंत झालेत. ही पिते आणि पोसतात ते."

"काहीतरीच तुझं. अंगावर पिणाऱ्या लेकराला कुठले जंत?"

"चला, विचारूनच येऊ."

कपड्यांच्या टोपलीत पाच पिल्लं, मागे दुडदुडणारी त्यांची आई, अशी सगळी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. डॉक्टरीणबाईंनी चिंधीच्या हिरड्या पाहिल्या. पांढऱ्याफटक.

"आणखी आठवडा गेला असता तर ही हाती लागली नसती. जंत आईकडूनच येतात. पोटात असताना, नाहीतर दुधातून."

मग एकेकाला तराजूत बसवून, वजन बघून, बिनसुईच्या सिरिंजनं गालाच्या कडेनं पातळ औषध. आईला गोळी.

"चिंधीलाच एवढंसं?" नणंदेला राहवेना. "सगळ्यात आजारी तीच. दुजाभाव कशाला?"

"मी काय सगळ्यांना एका मापाचं शिवते?" बाई म्हणाल्या.

संध्याकाळी नणंद धावत आली. "वहिनी, दोरे पडलेत बघ. औषधानं आतडंच तुटलं पोरीचं."

बाईंनी वाकून पाहिलं. पांढरे, टोकाला निमुळते.

"तुटलेलं आतडं वळवळत नाही, ताई."

सगळं कागदात गुंडाळून टाकलं, अंथरूण उकळत्या पाण्यात बुडवलं, हात कोपरापर्यंत साबणानं धुतले. "दोन आठवड्यांनी पुन्हा पाजायचं. मागे राहिलेले तेव्हा निघतील."

चिंधी मात्र निपचित पडून होती. नणंदेचे डोळे भरले.

"दमलीय," बाई म्हणाल्या आणि तिला पदरात घेऊन बसल्या. तळव्याखाली इवलं काळीज टिकटिकत होतं, बारीक, पण टाका न चुकवता. बाईंना तेवढं पुरेसं होतं.

उजाडता उजाडता पदर हलला. चिंधी घरंगळत खाली उतरली, टेबलाखाली शिरली, थोरल्या भावाच्या डोक्यावर पाय दिला, त्याला बाजूला लोटलं आणि आचळ पकडलं.

"अगं, त्यालाही राहू दे की थोडं," नणंद म्हणाली.

चिंधी कसली ऐकतेय.