काटेबाबाचा डबा

मंगळवारी दुपारी पाथर्डीकडच्या त्या माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. देवीच्या ठाण्यापुढच्या वारुळापाशी चार काटेउंदीर नाचत होते. मुठीएवढा जीव, पाठभर बारीक काटे, शिवलं की चेंडूसारखा गोळा होणारा. एरवी अंधार पडल्याशिवाय बिळाबाहेर न येणारे हे प्राणी गेले पंधरा दिवस भर उन्हात थरथरत गोल फिरत होते, पाय झाडत होते.

"देवीचं वारं," ठाण्यामागच्या मठातले काटेबाबा घुमत म्हणाले. "मुक्या जिवाला कळलं, तुमाला कवा कळंल? काटा वर गेला की पीडा वर, काटा झडला की पीडा झडली."

म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. माना मात्र सगळ्यांच्या हलल्या. बाबांचा चेला मच्छिंद्र भगव्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यातून पळीपळीने तीर्थ वाटत होता.

राहीबाईच्या कडेवर पाच वर्षांची नात होती, विजयमाला. गेल्या मंगळवारी सुनेने तिला हेच तीर्थ पाजलं आणि संध्याकाळी पोरीला आकडी आली. बाबा म्हणाले, देवीने पोर निवडली, आता दुसरी पळी. सून हात पुढे करून उभी होती.

"थांब गं," राहीबाई म्हणाली.

तिचा उभा जन्म या माळावर शेळ्या राखण्यात गेला होता. तिने नातीला सुनेकडे दिलं, खाली बसून एका काटेउंदराला काठी लावली. तो गोळा झालाच नाही. तोंडात अर्धवट चावलेली वाळवी होती. वारुळाभोवती मेलेल्या वाळवीचा सडा होता आणि मातीला उग्र वास. तोच वास त्या दिवशी पोरीच्या तोंडाला आला होता.

"मच्छिंद्रा, वारुळात काय वतलं?"

"काय न्हाई, आजे. मठाच्या वाशांना वाळवी लागली हुती, म्हून जरा औषध..."

बाबांनी डोळे वटारले. मच्छिंद्राने डबा छातीशी धरला. राहीबाईने उठून डब्यावरचं फडकं ओढलं. पत्र्यावर माणसाची कवटी आणि दोन हाडं.

बाबा जराही डगमगले नाहीत. "स्मशानकालीची मुद्रा हाय ती. अडान्याला काय कळनार?"

जमलेल्यांनी त्या कवटीलाही हात जोडले.

साठीला टेकल्यावर राहीबाई साक्षरता वर्गाला जाऊ लागली होती. म्हातारी आता कलेक्टर होनार, असं याच लोकांनी तिला चिडवलं होतं. ती वाकली आणि कवटीखालच्या तांबड्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"वि. ष." मग मान वर केली. "बाबा, मुद्रा असंल तर आदी तुमी घ्या एक पळी."

"आज माजा उपास हाय."

"तीर्थाला कसला उपास?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

बाबांचा हात काही पुढे आला नाही.

शेजारच्या दिलावरने पोरीला न्यायला बैलगाडी जुंपली. दवाखान्यात डॉक्टरांनी डबा पाहिला. वाळवी मारायच्या औषधाचा रिकामा डबा मच्छिंद्राने विसळून तीर्थाला घेतला होता, पण असलं विष विसळून जात नाही. आणखी एक पळी गेली असती तर पोर हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले. वारुळाजवळच्या विहिरीचं पाणीही त्यांनी तपासून होईस्तोवर बंद करायला लावलं.

गावी परतल्यावर राहीबाई पारावर बोलली. "काटेउंदीर किडं खातो. जमिनीत वतलेलं आदी त्याच्या पोटात जातं, मग आपल्या. तो पंधरा दिस मरून सांगत हुता, आन् आपुन त्याला ववाळत हुतो. जनावर उफराटं वागाया लागलं तर नारळ फोडू नका. वास घ्या. डबा बघा. वाचता येत न्हाई म्हनता? वर्ग अजून चालू हाय. मी बसते तिथं जागा हाय."

दुसऱ्या दिवशी तिची सून पाटी घेऊन वर्गाला आली.