शटर उघडं असताना

आकाशाचे फोटो काढताना बापलेकीचं एकमत झालं, असं कधी घडलंच नाही. लेकीने आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, सोळाशे म्हटली, की बाप आठशेवर अडून बसे. जन्मभर स्वतःचा स्टुडिओ चालवलेला माणूस, ऐकतोय कुणाचं! एक नियम मात्र दोघांनाही मान्य होता: शटर उघडं असताना पाऊल उचलायचं नाही. जमीन हलली की तारे हलतात.

आता बापाला विसरण्याचा आजार जडला होता. तरी ताऱ्यांमधल्या तेजोमेघाचा फोटो काढायचा हट्ट सुटेना, म्हणून लेक त्याला जुन्या दगडखाणीजवळच्या माळावर घेऊन आली. तिने मान खाली घालून शटर तीस सेकंदांवर लावलं, आयएसओ सोळाशेवर नेला आणि “बघा बरं, बाबा,” म्हणत वळली. खुर्ची रिकामी होती.

खाण शंभर पावलांवर, आणि कठड्याचा पत्ता नाही. “बाबा!” ती ओरडली. पण हल्ली बाबा म्हणजे आपण, हे त्याला उमगत नसे. मोबाइलचा उजेड दहा पावलांपुढे जाईना.

कॅमेऱ्याला मात्र डोळ्यांपेक्षा जास्त दिसतं. तिने रुंद लेन्स चढवली, तोंड खाणीकडे वळवलं, बटण दाबलं आणि तीस सेकंद जीव मुठीत धरून उभी राहिली. फोटोत माळ होता, तारे होते. माणूस नव्हता. मग तिला स्वतःचाच राग आला. इतका वेळ शटर उघडं ठेवलं तर चालता माणूस उमटतच नाही, हे बापानेच तर शिकवलेलं!

आयएसओ बारा हजार, दोन सेकंद. घाईत आकडे बदलायची चक्री दोनदा पुढे निसटली. फोटो रवाळ आला, पण खाणीकडच्या ताऱ्यांमध्ये, तारे झाकणारी, माणसाएवढी काळी जागा होती. पुढच्या फोटोत ती कडेकडे सरकलेली.

धावून पोचणं शक्य नव्हतं. ती जिवाच्या आकांताने ओरडली, “शटर उघडलंय! कुणी हलू नका!”

आणि पळत सुटली. बाप कडेपासून हातभर अंतरावर होता, ताठ, श्वास रोखून. तिने त्याचं कोपर घट्ट धरलं.

“कोण चालतंय?” तो दबक्या आवाजात खेकसला. “किती सेकंद आहेत?”

“तीस.”

“आणि आयएसओ?”

“आठशे,” ती रडत म्हणाली. “आठशेच ठेवलाय, बाबा.”